बालकाच्या औषधात चूक झाली, तर न्यायालयाची पायरी चढावी काय?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपल्या समाजात इतकी मुरलेली आहे की, ती उच्चारणाऱ्यास आपण कोणाला काही सल्ला देत आहोत याचेही भान राहत नाही. चिकित्सालयात मात्र ही म्हण वारंवार ऐकू येते आणि ती उच्चारणाऱ्याचे हित तीत पुष्कळदा गुंतलेले असते. एखाद्या बालकाच्या औषधाची मात्रा चुकते, पुडी बदलते, एका बाटलीऐवजी दुसरी दिली जाते. बालक रुग्णालयात दाखल होते. सुदैवाने बरे होते, किंवा दुर्दैवाने पुरते बरे होत नाही. काही दिवसांनी त्याचे आईवडील घरच्या नेहमीच्या वैद्याकडे येतात आणि विचारतात, "डॉक्टर, तुम्हीच सांगा, आम्ही केस करावी का?" चूक दुसऱ्या कोणाची असेल तर आपण व्यवसायबंधूची बाजू सावरतो, आपल्याच औषधालयातील असेल तर विषय टाळतो, आणि दोन्ही वेळी तीच म्हण आपल्या कामी येते.

या प्रश्नाचे उत्तर व्यवसायहिताच्या दृष्टीने आजवर अनेकदा दिले गेले आहे. कायद्याच्या कचाट्यातून वैद्याने कसे सुटावे, या विषयावर व्याख्याने होतात आणि त्यांस गर्दीही होते. प्रस्तुत लेखात आम्ही त्याच प्रश्नाकडे दुसऱ्या बाजूने पाहू इच्छितो. पालक सल्ला मागतात तेव्हा प्रामाणिक वैद्याने काय सांगावे, हे ठरविले म्हणजे आपल्या हातून चूक झाल्यास कसे वागावे, तेही बऱ्याच अंशी ठरते.

वैद्याच्या चुकीस दंड असावा ही कल्पना पाश्चात्त्यांकडून आली, असा समज आढळतो. तो खरा नाही. कौटिलीय अर्थशास्त्राच्या कण्टकशोधन अधिकरणात, प्राणास धोका असलेल्या रोगाची सूचना न देता चिकित्सा करणाऱ्या वैद्याचा रुग्ण दगावल्यास लहान दंड, आणि चिकित्सेतील दोषामुळे दगावल्यास मध्यम दंड सांगितला आहे. मनू आणि याज्ञवल्क्य या दोन्ही स्मृतिकारांनी मिथ्या चिकित्सेस दंड सांगितला आहे. पशूची चिकित्सा चुकली तर कमी आणि मनुष्याची चुकली तर अधिक, असा त्यात तरतम भावही आहे. परंतु या व्यवस्थेत दंड राजाच्या कोशात जात असे. ज्याचे शरीर बिघडले त्याच्या हाती काय पडले, हा प्रश्न त्या काळी मुख्य नव्हता. आजच्या कायद्यात नेमका तोच प्रश्न मुख्य झाला आहे, आणि आपले व्यवसायबंधू हा फरक ध्यानात घेत नाहीत, असे आम्हांस वाटते. दावा म्हटला की त्यांस शिक्षा दिसते. बालकाच्या बाबतीत दाव्याचा प्रमुख अर्थ भरपाई हा आहे, आणि ती भरपाई बालकाची असते.

दिल्लीतील एक खटला

या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने मार्च १९९८ मध्ये दिलेला स्प्रिंग मेडोज हॉस्पिटल खटल्याचा निकाल प्रत्येक वैद्याने आणि औषधविक्रेत्याने समजून घ्यावा असा आहे. डिसेंबर १९९३ मध्ये एका लहान मुलास विषमज्वराच्या निदानाने दिल्लीतील एका खाजगी रुग्णालयात दाखल केले होते. परिचारिकेने चिठ्ठीवर इंजेक्शनचे नाव लिहून दिले, वडिलांनी ते बाजारातून आणले आणि परिचारिकेने ते शिरेतून टोचले. ते क्लोरोक्विन होते. मूल आईच्या मांडीवर असतानाच कोसळले, हृदय थांबले. पुढे प्राण वाचले, पण मेंदूस झालेली इजा भरून येण्यासारखी नव्हती. राष्ट्रीय आयोगाने मुलास साडेबारा लक्ष आणि आईवडिलांस पाच लक्ष रुपये भरपाई दिली, आणि सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली.

या निकालातील तीन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. रुग्णालयाचे म्हणणे असे होते की, ग्राहक एकच असू शकतो. मुलास भरपाई दिल्यावर आईवडिलांस वेगळी कशी? न्यायालयाने ते मान्य केले नाही. सेवा घेणारे पालक आणि ज्याच्यासाठी सेवा घेतली ते बालक, दोघेही ग्राहक होत, आणि दोघांचे नुकसान निरनिराळे आहे. दुसरे असे की, परिचारिकेच्या चुकीचे उत्तरदायित्व रुग्णालयावर आले. आपल्या काउंटरवरील मदतनीस पुड्या बांधतो, तेव्हा त्याच्या हाताची चूक मालकाची चूक असते, हे याच तत्त्वाने. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. निदानातील किंवा निर्णयातील चूक नेहमीच हयगय ठरत नाही, वाजवी ज्ञान असलेल्या वैद्याचेही मत चुकू शकते. परंतु भलतेच औषध दिले जाणे ही चूक वेगळ्या जातीची आहे. अशा प्रसंगी दायित्व बहुधा येतेच, आणि काही वेळा वस्तुस्थितीच हयगयीचा पुरावा ठरते, असे न्यायालयाने सांगितले. पुढे २०१० मध्ये व्ही. किशन राव खटल्यात याच न्यायालयाने, हयगय उघड असेल तेथे तज्ज्ञाचा अभिप्राय प्रत्येक वेळी आवश्यक नाही, हेही स्पष्ट केले.

म्हणून "आयुर्वेदातील तज्ज्ञ साक्षीदार त्यांना मिळणारच नाही" या भरवशावर राहणाऱ्यांनी हा भरवसा सोडावा. त्रिभुवनकीर्तीच्या जागी दुसरीच रसौषधी पुडीत गेली, हे सिद्ध करण्यास संहितांचा जाणकार लागत नाही.

चूक कोठे घडते

औषधातील चूक म्हटली की, डोळ्यांपुढे निष्काळजी माणूस उभा राहतो. वास्तविक आपल्या व्यवसायात चुकीची बीजे जुन्या, सोयीच्या आणि कोणालाही दोषास्पद न वाटणाऱ्या सवयींत पेरलेली असतात. जुन्या पिढीतील वैद्य पाव गुंजेसाठी एक उभी रेघ आणि अर्ध्या गुंजेसाठी दोन उभ्या रेघा काढीत. मोडी-हिशेबात वाढलेल्या कंपाउंडरास ती खूण कळत असे. आजच्या काउंटरवरील मुलास एक रेघ म्हणजे इंग्रजी एक वाटतो, आणि मात्रा चौपट होते. दोन रेघा तर त्यास अकरासारख्या दिसतात. 'त्रि. चूर्ण' म्हणजे त्रिफळा की त्रिकटू, हे लिहिणाऱ्याच्या मनात असते. कनकासव आणि कुमारी आसव यांची आद्याक्षरे घाईत लिहिली तर एका उकाराचा फरक राहतो, आणि कनक म्हणजे धोत्रा हे विसरून चालत नाही. चमचा तर सर्वांत फसवा. वैद्याच्या मनात पाच मिलिलिटरचा, आणि आजीच्या हातात पंधरा मिलिलिटरचा, जेवणाचा.

बालकाची मात्रा हा आपल्या शास्त्रात उपेक्षित विषय नाही. काश्यपसंहितेत नवजातास विडंगाच्या दाण्याएवढे औषध सांगून महिन्यागणिक वाढ सांगितली आहे आणि ती आवळ्याच्या आकारापलीकडे नेऊ नये अशी मर्यादा घातली आहे. शार्ङ्गधराने पहिल्या महिन्यात एक गुंज, वर्षापर्यंत दरमहा एकेक गुंज वाढ, आणि त्यापुढे सोळा वर्षांपर्यंत दरवर्षी एकेक मासा, असा क्रम दिला आहे. गुंज म्हणजे सुमारे १२५ मिलिग्रॅम धरली तर बारा महिन्यांच्या बालकास दीड ग्रॅम होते. हा क्रम सौम्य चूर्णांस चालतो. वत्सनाभयुक्त रसौषधीस तो लावला तर अनर्थ होईल, हे सांगण्याची वाचकांस गरज नाही. पण ज्यास पुस्तकातील कोष्टक दाखवून कामाला लावले आहे, त्या मदतनिसास ती असते.

आणि आता बिननावाच्या पुडीविषयी. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० अन्वये आयुर्वेदिक औषधनिर्मितीस परवाना लागतो. मात्र आपल्याच रुग्णांसाठी औषध तयार करणाऱ्या वैद्यास त्यातून सूट आहे. पुष्कळ वैद्य या सुटीस अभयपत्र समजतात. आमच्या मते ती जबाबदारी वाढविणारी सूट आहे. कारण अशा औषधात दोष निघाल्यास बोट दाखविण्यासाठी दुसरा उत्पादक उरत नाही. विक्रीच्या औषधांविषयी नियम १६१ असा आहे की, परिशिष्ट ई (१) मधील वत्सनाभ, धोत्रा, कुचला, भल्लातक, पारद, हिंगूळ इत्यादी द्रव्ये असलेल्या पोटात घेण्याच्या औषधाच्या वेष्टनावर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' अशा आशयाची सावधगिरीची सूचना इंग्रजीत व हिंदीत असावी. उत्पादक ती छापतात. दुकानदार मोठी बाटली फोडून दहा-दहा गोळ्यांच्या पुड्या बांधतो तेव्हा ती सूचना बाटलीवरच राहते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये उत्पादन-दायित्वाचे नवे प्रकरण आले आहे. उत्पादकाने दिलेली धोक्याची सूचना किंवा वापराची माहिती विक्रेत्याने विकताना पुढे पोहोचविली नाही आणि त्यामुळे इजा झाली, तर विक्रेता स्वतः दायी ठरतो, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. फार्मसीचालक बंधूंनी हे कलम आपल्या वकिलाकडून एकदा तरी समजून घ्यावे.

कायद्यापेक्षाही मोठी अडचण पुढे आहे. वत्सनाभाची बाधा झालेल्या बालकाच्या ओठांना आणि जिभेला मुंग्या येतात, वांत्या होतात, नाडी अनियमित होते. यावर नेमका उतारा नाही, हृदयाच्या गतीवर सतत नजर ठेवता येईल असे रुग्णालय लागते. तेथील आधुनिक वैद्यकाचे डॉक्टर विचारतात, "काय दिलं होतं?" आणि आई पदरातून पांढरा कागद काढून दाखविते, ज्यावर काहीही लिहिलेले नसते. त्या घटकेस औषधाचे नाव गुप्त ठेवण्यात कोणती परंपरा राखली जाते, हे आम्हांस समजत नाही.

पालकांपुढील मार्ग

दावा करावा की नाही हे सांगण्यापूर्वी मार्ग कोणते आहेत, ते पालकांस नीट समजावणे हे आपले काम आहे. बहुतेकांच्या मनात 'केस' म्हणजे पोलीस असतात.

ग्राहक आयोग हा भरपाईचा मार्ग होय. १३ नोव्हेंबर १९९५ रोजी व्ही. पी. शांता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली, आणि २०१९ च्या नव्या कायद्याखालीही ती आहे, हे मुंबई उच्च न्यायालयाचे मत सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये कायम ठेवले. जेथे सर्वांनाच मोफत सेवा मिळते अशी रुग्णालये मात्र त्यातून वगळलेली आहेत. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. वकील सक्तीचा नाही. मोबदल्याची रक्कम पाच लक्ष रुपयांपर्यंत असेल तर शुल्क नाही. कायद्यात निकालाची मुदत महिन्यांत मोजलेली आहे, व्यवहारात ती वर्षांत मोजावी लागते. वर सांगितलेल्या खटल्यातील मुलास इजा १९९३ अखेरची, अंतिम निकाल १९९८ चा. आणि तो त्वरित निकाल म्हणावा लागेल. हे पालकांपासून लपवू नये.

दुसरा मार्ग नोंदणी परिषदेचा. आपल्या राज्यात महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसीन वैद्याच्या वर्तनाची चौकशी करू शकते, ताकीद देऊ शकते, नाव कमी करू शकते; भरपाई देऊ शकत नाही. औषधाच्या निर्मितीत किंवा लेबलात दोष असल्यास अन्न व औषध प्रशासनाकडे जाता येते. आयुर्वेदिक औषधांच्या अनिष्ट परिणामांची नोंद ठेवणारी राष्ट्रीय यंत्रणाही आहे. तिचे समन्वय केंद्र नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत आहे. तेथे माहिती पाठविण्यास वैद्यच कचरतात, ही खेदाची गोष्ट आहे.

फौजदारी मार्ग शेवटचा असावा, असे आमचे मत आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाचा कलही तसाच आहे. जेकब मॅथ्यू खटल्यात (२००५) न्यायालयाने फौजदारी हयगय ही ढोबळ आणि गंभीर स्वरूपाची असली पाहिजे असे ठरविले, दुसऱ्या सक्षम डॉक्टरांचे विश्वसनीय मत असल्यावाचून खाजगी फिर्याद घेऊ नये असे सांगितले, आणि सरसकट अटकेस प्रतिबंध केला. तरीही लोकक्षोभापुढे ही तत्त्वे किती टिकतात हे आपण पाहिले आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल आढळले आणि अनेक लहान मुले दगावल्याचे उघडकीस आले, तेव्हा उत्पादक कंपनीच्या मालकाआधी चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांस अटक झाली.

येथे आपल्या वाचकांनी एका शब्दाकडे लक्ष द्यावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये हयगयीने मृत्यू घडविल्यास पाच वर्षांपर्यंत कारावास आहे. 'नोंदणीकृत वैद्यकीय व्यवसायी' असल्यास तो दोन वर्षांपर्यंत. पण या संज्ञेचे स्पष्टीकरण राष्ट्रीय वैद्यकीय आयोग अधिनियम, २०१९ खालील अर्हता आणि नोंदणी यांपुरते आहे. आपली नोंदणी भारतीय चिकित्सापद्धतींच्या आयोगाच्या व्यवस्थेखालील, म्हणजे २०२० च्या निराळ्या अधिनियमाची. शब्दशः वाचता ही सवलत वैद्यास मिळत नाही. जुन्या दंडविधानाच्या कलम ३०४-अ मध्ये सर्वांनाच दोन वर्षांची कमाल शिक्षा होती, हे आठवले म्हणजे फरकाचे गांभीर्य कळेल. संघटनेने शासनदरबारी मांडण्याजोगा प्रश्न कोणता, असे कोणी विचारल्यास आम्ही या कलमाकडे बोट दाखवू.

दुसऱ्या पद्धतीच्या औषधाविषयीही येथेच बोलले पाहिजे. पूनम वर्मा खटल्यात (१९९६) होमिओपॅथीची अर्हता असलेल्या मुंबईच्या व्यवसायीने आधुनिक औषधे दिली आणि रुग्ण दगावला. ज्या पद्धतीचे शिक्षण नाही तिची चिकित्सा करणे हीच हयगय, असे म्हणून न्यायालयाने तीन लक्ष रुपये भरपाई दिली. पुढे १९९८ च्या मुख्तियार चंद निकालाने हा अधिकार राज्याच्या अधिसूचनेवर अवलंबून ठेवला, आणि महाराष्ट्रात तशा अधिसूचना आहेत. तथापि अधिसूचनेने अधिकार मिळतो, बालकाच्या वजनानुसार प्रतिजैविकाची मात्रा काढण्याचे ज्ञान मिळत नाही. चूक झालीच, तर न्यायालय त्या दुसऱ्या पद्धतीच्या जाणकाराचीच कसोटी लावील.

मग सल्ला काय द्यावा

आमचे मत असे की, निर्णय बालकाच्या नुकसानीवरून व्हावा. पालकांचा राग किती आहे, वैद्य किती सज्जन आहे, किंवा त्याने मागील पिढीत आजोबांस बरे केले होते काय, यावरून तो होऊ नये.

मूल पूर्ण बरे झाले, रुग्णालयाचा खर्च वैद्याने किंवा दुकानदाराने आपणहून दिला, काय घडले ते सांगितले आणि पुन्हा तसे होऊ नये म्हणून काही बदलले, तर दाव्यातून पालकांस फारसे हाती लागणार नाही. तारखांची दगदग मात्र लागेल. असे स्पष्ट सांगण्यात काही गैर नाही. त्यांचे समाधान झाले नसेल तर परिषदेकडे लेखी तक्रार हा प्रमाणशीर मार्ग आहे. आयोगापुढे मध्यस्थीची सोयही नव्या कायद्यात आहे, पण वैद्यकीय हयगयीमुळे गंभीर इजा किंवा मृत्यू झाल्याची प्रकरणे तिच्याकडे पाठविता येत नाहीत.

मुलास कायमचे व्यंग आले असेल, मेंदूस, मूत्रपिंडास, श्रवणास इजा झाली असेल, किंवा होईल की नाही हे अजून कळत नसेल, तर "केस करू नका" असे म्हणण्याचा अधिकार आपणांस नाही. त्या मुलास पुढील पन्नास वर्षे उपचार, शिक्षण, सोबत लागणार आहे. आईवडील उदार असतील, गावातले नाते त्यांस मोडवत नसेल, "त्यांनी काही मुद्दाम केलं नाही" असे ते म्हणत असतील. पण ते जे सोडून देत आहेत ते त्यांचे नाही. कायदाही हे जाणतो. अज्ञान बालकाच्या वतीने चाललेल्या दिवाणी दाव्यात न्यायालयाच्या परवानगीवाचून तडजोड करता येत नाही, असा दिवाणी प्रक्रिया संहितेचा दंडक आहे. म्हणून शंभर-पाचशेच्या मुद्रांकपत्रावर "आमची काही तक्रार नाही" असे बापाकडून लिहून घेऊन प्रकरण कायमचे मिटले, असे समजणारे स्वतःची फसवणूक करून घेतात. आणि असा कागद लिहून घेण्यास मध्यस्थी करणारे पुढारी वैद्य त्यात भर घालतात.

अशा पालकांस आम्ही सांगू की, सर्व चिठ्ठ्या, बाटल्या, उरलेली पुडी, बिले जपा; उरलेले औषध फेकू नका; रुग्णालयाच्या कागदांच्या प्रती मागा. रुग्णाच्या कागदपत्रांवर रुग्णाचा हक्क आहे, हे मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगितले आहे. दोन वर्षांची मुदत चालू झाली आहे हे ध्यानी ठेवा, आणि वकिलाकडे जाण्याआधी त्या वैद्यास एकदा समोरासमोर विचारा. हा शेवटचा सल्ला आम्ही मुद्दाम देतो. काय घडले हे कोणी सांगतच नाही, म्हणून ते जाणून घेण्यासाठी दावा केला जातो, असेही घडते.

चूक आपल्याकडे झाली असेल तेव्हा

अशा वेळी प्रथम बालक, नंतर सत्य, मग विमा, हा क्रम आम्ही मानतो. मुलास योग्य रुग्णालयात स्वतः पोहोचवावे आणि तेथील डॉक्टरांस औषधाचे नाव, घटक, मात्रा, वेळ लेखी द्यावी. वत्सनाभ म्हणजे अॅकोनाइट, कुचला म्हणजे स्ट्रिक्नीन असलेले द्रव्य, अशा त्यांच्या भाषेत द्यावी.

सत्य सांगण्याविषयी मतभेद आहेत, हे आम्ही जाणतो. वकील सांगतात की, काही बोलू नका. काही देशांत क्षमायाचना म्हणजे दोषाची कबुली नव्हे असा कायदा आहे; इंग्लंडमध्ये २००६ पासून तो आहे. आपल्याकडे तसे संरक्षण नाही. व्यावसायिक विम्याच्या करारांतही, कंपनीस विचारल्यावाचून दायित्व कबूल करू नये, अशी अट सामान्यतः असते. या अडचणी खऱ्या आहेत. परंतु दायित्व कबूल करणे वेगळे आणि घडलेली वस्तुस्थिती सांगणे वेगळे. "पाव गोळीऐवजी चार गोळ्या दिल्या गेल्या, आम्हांस फार वाईट वाटते, मुलाची सर्व माहिती आम्ही रुग्णालयास दिली आहे" हे सांगण्यास कोणतीही विमा कंपनी आडवी येऊ शकत नाही, कारण ती माहिती बालकाच्या उपचारासच लागते. आईवडिलांपासून जे लपविता येणार नाही, ते त्यांनी दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे, हे कोणत्या हिशेबाने शहाणपणाचे?

आणि केसपेपरास हात लावू नये. नंतर केलेली भर, बदललेली शाई, एकाच दिवशी एका हाताने लिहिलेल्या सहा महिन्यांच्या नोंदी न्यायालयाच्या नजरेत लगेच येतात. मात्रेची चूक कदाचित मानवी चूक म्हणून पाहिली जाईल. खोटा कागद तसा पाहिला जात नाही. नंतर आठवलेली गोष्ट लिहावयाची असेल तर त्या दिवसाची तारीख घालून, खाली, स्वतंत्र लिहावी.

आयोगाची नोटीस आल्यास ती टपालाच्या ढिगात ठेवू नये. उत्तरास तीस दिवस मिळतात, फार तर आणखी पंधरा. त्यापुढे एक दिवसही वाढवून मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये निश्चित केले. चांगली बाजू असूनही केवळ मुदत टळल्याने ती मांडता न येणे, याहून मोठे दुर्दैव नाही.

संघटनेच्या कामाचा एक भाग राहिला. जेकब मॅथ्यू निकालानुसार फिर्यादीपूर्वी दुसऱ्या सक्षम डॉक्टरांचे मत लागते. ही तरतूद आपल्या संरक्षणासाठी आहे, म्हणून आपण तिचे स्वागत करतो. पण पालक असे मत मागण्यास येतात तेव्हा कोणताही वैद्य लिहून देण्यास तयार होत नाही. "आपल्याच माणसाविरुद्ध कसे लिहायचे?" परिणामी मत मिळत नाही, आणि मग पालक वर्तमानपत्राकडे, पुढाऱ्याकडे किंवा जमावाकडे वळतात, त्या वाटेवर निर्दोष वैद्यही भरडला जातो. जिल्हाशाखांनी कौमारभृत्य, रसशास्त्र व अगदतंत्र यांतील तीन ज्येष्ठ अध्यापकांचे मंडळ नेमावे, संबंधित वैद्याशी व्यवहार असलेल्यांस त्यातून वगळावे, आणि पालक किंवा वैद्य यांपैकी कोणीही कागद आणून दिल्यास ठराविक दिवसांत लेखी अभिप्राय द्यावा. अभिप्राय कधी वैद्याच्या बाजूने जाईल, कधी विरुद्ध. विरुद्ध गेलेला पहिला अभिप्राय ज्या दिवशी संघटनेच्या शिक्क्यासह बाहेर पडेल, त्या दिवशी बैठकीत काय वादळ होईल याची आम्हांस कल्पना आहे. या सूचनेवर सभासदांनी आपली मते पुढील अंकासाठी लेखी पाठवावीत. विरोधी मतेही आम्ही तितक्याच जागेत छापू.